‘गाव क’ची विहीर

माझ्या धंद्याला मराठीत सुटसुटीत नाव नाही. विद्यापीठाच्या कागदावर ते ‘पर्यावरणीय न्याय व आरोग्य-समता’ असं होतं. माझ्या खोलीच्या दारावरच्या पाटीत एवढं मावत नव्हतं म्हणून शिपायाने ‘पर्यावरण’ एवढंच रंगवून घेतलं. तळेगावातल्या आमच्या शेजारणींची समजूत अशी की मी जन्मभर झाडं लावली. एकीने तर कुंडीतला मोगरा फुलत का नाही ते बघायला मला हाताला धरून गच्चीवर नेलं होतं. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. घाण कुणी केली, ती वाहत जाऊन कुणाच्या दाराशी थांबली आणि तिने आजारी कोण पडलं, हे मोजायचं, एवढंच माझं काम. घाण करणारा आणि आजारी पडणारा माणूस एकच निघाला, असं मात्र माझ्या सबंध नोकरीत एकदाही झालं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर ‘काहीतरी उभारी देणारं’ लिहा म्हणून सांगितलं होतं. मी हो म्हणून बसले. आता कागद पुढे घेतला तर उभारी देणारं काही हाताशी लागत नाही. माझ्या मोजण्यामुळे एक तरी माणूस आजारी पडायचा वाचला, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर हे वाचायला घेतलं असेल त्यांनी मला माफ करावं.

काम बाहेरून फार सोपं दिसतं. विहिरीवर जायचं, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरून बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि संध्याकाळच्या आत पुण्याला प्रयोगशाळेत पोचवायची. मग घरोघर जाऊन कुणाला काय होतं ते विचारायचं. बाटलीवर कुणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. हा क्रमांकाचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे येणारी माणसंही एकेक नमुना असायची. एकदा एक गृहस्थ प्लॉट विकायचे म्हणून विहिरीच्या पाण्याचा दाखला मागायला आले. नमुना त्यांनी घरूनच आणला होता. पाणी अगदी निवळशंख. असणारच, विकतच्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद तेवढा सोलला होता, टोपणाचं सील तोडायचं राहून गेलं होतं. मी ते दाखवल्यावर ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, “मॅडम, पाणी चांगलं आहे ना? मग तेवढंच लिहा.”

लोणावळ्याची गोष्ट याहून वरताण. तिथे डोंगरउतारावर बंगल्यांची एक वसाहत होती आणि खाली ओढ्याकाठी एक वस्ती. वस्तीत बारमाही जुलाब. वसाहतीचे सेक्रेटरी शपथेवर सांगत होते की आमचं सांडपाणी ओढ्यात जातच नाही. आमच्यात यावर एक सोपा उपाय असतो. निरुपद्रवी हिरवा रंग संडासात ओतायचा आणि खाली जाऊन वाट बघायची. दुपारपर्यंत ओढा पोपटी झाला. कपडे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी सेक्रेटरींना खाली आणून तो रंग दाखवला. त्यांनी शांतपणे विचारलं, “हा रंग ओतला कुणी? तुम्हीच ना?” आठवड्याभरात ओढा दूषित केल्याची तक्रार दाखल झाली, माझ्याविरुद्ध. त्या वेळी आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो. आज मला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही.

पण मला लिहायचं आहे ते ‘गाव क’बद्दल.

गाव पूर्व मावळात आहे, याच्यापुढे मी आजही सांगणार नाही. का, ते पुढे येईलच. त्याच्याशी ताडून बघायला वडिवळ्याच्या बाजूचं, भातखाचरांतलं एक गाव घेतलं होतं, ते ‘गाव ख’. क गावात एक गोदाम होतं. कारखान्यांतून रसायनांचे रिकामे ड्रम तिथे यायचे, धुतले जायचे आणि पुन्हा विकले जायचे. धुतलेलं पाणी मागच्या खड्ड्यात, तिथून झिरपत ओढ्याकडे. गाव वरच्या अंगाला. तिथे नळयोजना होती, टाकी होती. ओढ्याच्या कडेला, गावठाणाबाहेर, एक वस्ती. ती तिथे का आणि कधीपासून आहे हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायला नको. वस्तीत नळ ‘पुढच्या टप्प्यात’ येणार होता, तोवर ओढ्यालगतची एक विहीर.

खेड्यात अभ्यास करायचा तर आधी गावाची परवानगी घ्यावी लागते. तशी आमची पद्धतच आहे, आणि मी ती वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवली. देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. गावात शब्द चालायचा तो आबांचा. माजी सरपंच, पांढरी टोपी, सावकाश बोलणारे. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “तपासा की, मॅडम. आमचं काय म्हननं न्हाई. पर गावाचं नाव कागदावर येता कामा न्हाई.”

“का हो आबा?”

“उद्या छापून आलं, ह्या गावचं पानी इखारी हाय, तर आमच्या पोरी कोन करनार? आन आमच्या पोरास्नी पोरी कोन देनार? सोयरीक मोडाया लय लागत न्हाई. कुनीतरी येक शबुद बोलला की झालं.”

मला हसू आलं, कारण त्यांनी मागितलं ते आमच्या नियमातच होतं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं: नाव कुठेच येणार नाही. गावाला अक्षर, विहिरीला आणि घराला क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, हे एकाच वहीत. ती वही माझ्या कपाटात, कुलपात. अभ्यास संपल्यावर पाच वर्षांनी ती वही आणि ओळख पटेल असा प्रत्येक कागद नष्ट करायचा, असं लेखीच देते. आबांनी मान डोलावली, मंडपाने मान डोलावली.

मंडपात वस्तीतलं कुणी नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आलं होतं. म्हटलं, तिथे नंतर जाऊच की.

गेलोही. विहिरीला सगळ्यात जवळचं घर हौसाबाईंचं. (हेही खरं नाव नव्हे.) वयाने माझ्याच बरोबरीच्या, नवरा गेलेला, मुलगा दत्तू एका कारखान्यात कंत्राटावर. मी संमतिपत्र वाचून दाखवलं. नाव कुठेही लिहिलं जाणार नाही, या ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

“नाव का म्हून लिवायचं न्हाई?”

“तुमच्याच भल्यासाठी. उद्या कुणी त्रास द्यायला नको.”

“आनखी काय तरास द्यायचा ऱ्हायलाय? माजं घर, माजी दुखनी. मी काय चोरी केलीय व्हय? लिवा, हौसाबाई म्हनून लिवा.”

“नियम आहे, हौसाबाई.”

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. सही प्रौढवर्गात शिकलेली, अक्षर टपोरं. ती सही त्याच कुलपात गेली.

दीड वर्ष आम्ही जात होतो. खरं सांगायचं तर त्या अभ्यासातली मुख्य गोष्ट मला हौसाबाईंनी पहिल्याच आठवड्यात फुकट सांगितली होती. “उन्हाळ्यात ह्या पान्याला औषिदावानी वास येतो, डाळ शिजत न्हाई. पाऊस झाला की हीर भरती आन वास जातो. तवा नेलंत तर तुमच्या यंत्राला काय बी घावायचं न्हाई.” यंत्रांनी दीड वर्षानंतर हेच सांगितलं. एप्रिल-मेचं पाणी माणसाने तोंडात घेऊ नये असं, आणि श्रावणातलं जवळजवळ निर्मळ. वस्तीतली घरोघरची दुखणी वरच्या गावापेक्षा कितीतरी जास्त निघाली, ‘ख’पेक्षाही.

पेपर चांगला झाला. परदेशातल्या नियतकालिकात आला, व्याख्यानांची निमंत्रणं आली. गुप्तता कशी राखावी याचं उदाहरण म्हणून तो पेपर आमच्या विभागात शिकवायला लागले. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

गावाला मराठीत अहवाल दिला, त्यातही नाव ‘गाव क’ एवढंच. आबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि ट्रंकेत ठेवला. वस्तीत मी स्वतः जाऊन सांगितलं की उन्हाळ्यात हे पाणी पिऊ नका.

हौसाबाई म्हणाल्या, “बरं. मग कंचं पिऊ?”

याचं उत्तर माझ्या पेपरात नव्हतं. शेवटी ‘शिफारशी’ असं एक प्रकरण होतं, त्यात ‘संबंधित यंत्रणांनी योग्य ती पावले उचलावीत’ असं होतं. एवढं लिहून आमची जात पुढच्या अभ्यासाला मोकळी होते. मीही झाले.

पाच वर्षं झाली तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. कपाट आवरता आवरता ती वही हाती आली. वही, संमतिपत्रं, विहिरींचे नकाशे, सगळं मी कागद कापायच्या यंत्रात स्वतःच्या हाताने घातलं. शिपाई म्हणाला, मॅडम, मी करतो. मी म्हटलं, नको, हे मीच करायला हवं. दिलेला शब्द पाळल्याचं समाधान घेऊन मी घरी आले.

त्यानंतर साधारण वर्षाने हौसाबाईंचा फोन आला. दत्तूच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागत होतं. वस्तीने अर्ज केला होता: गोदामातलं ड्रम धुणं बंद करा आणि वस्तीला नळ द्या. तालुक्याला, वडगावला सुनावणी होती.

“दत्तूचं काय व्हायचं त्ये व्हईल,” हौसाबाई म्हणाल्या. “डाक्टरनं सांगितलंय मला. पर त्याच्या दोन पोरी हायेत. त्यास्नी दुसरं पानी पायजे. तुमी येता नव्हं? तुमच्याकडं समदं लिवल्यालं हाय.”

मी येते म्हटलं. फोन ठेवला आणि मला ते कागद कापायचं यंत्र आठवलं.

तरी मी धीर धरला. म्हटलं, नवा नमुना घेतला की काम भागेल. नमुना घेतला गेलाही, सरकारी पद्धतीने, पंचांसमक्ष. पण अर्ज टेबलावरून टेबलावर सरकेपर्यंत भाद्रपद उजाडला होता. विहीर काठोकाठ भरलेली. पाणी ‘मर्यादेत’ निघालं. आता विहिरीचा उन्हाळा दाखवणारा माझ्या हाती एकच कागद होता, माझा पेपर. आणि त्यात गावाचं नाव ‘क’ होतं.

प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदी मी जाऊन उपसल्या. तिथेही फक्त क्रमांक. माझी शिस्तच तशी कडक.

सुनावणीला बसलेला अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य होता. उद्धट असता तर बरं झालं असतं. त्याने माझा पेपर वाचला होता, समासात पेन्सिलीने खुणा होत्या.

“मॅडम, फार चांगलं काम आहे,” तो म्हणाला. “पण यातलं ‘गाव क’ म्हणजे हेच गाव आणि विहीर क्रमांक तीन म्हणजे यांचीच विहीर, हे दाखवणारा एखादा कागद?”

“मी सांगते ना. नमुने मी स्वतः घेतलेत.”

“तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण मला कागद लागेल.”

गोदामाच्या वकिलाने परवानगी मागून माझ्याच पेपरातलं एक वाक्य मोठ्याने वाचलं. ओळख पटू शकेल अशी सर्व माहिती ठरल्या मुदतीनंतर नष्ट केली जाईल. मग माझ्याकडे वळून त्याने नम्रपणे विचारलं, “मॅडम, केली का?”

“केली.”

“म्हणजे आज तुम्ही सांगताय ते आठवणीवर?”

मी हो म्हटलं. अधिकाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. गावातर्फे आबा आले होते. आता मला त्यांचाच आधार होता. बैठक त्यांनी भरवली होती, अहवाल त्यांच्या ट्रंकेत होता. अधिकाऱ्याने विचारलं, “आबा, या मॅडमनी तुमच्या गावात पाण्याचा अभ्यास केला होता का?”

आबा सावकाश उभे राहिले. टोपी सारखी केली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“तसला काय आब्यास आमच्या गावात झाल्याचं मला ठावं न्हाई, सायेब.”

मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. त्यांच्या नातीचा साखरपुडा त्याच महिन्यात झाला होता, हे मला ठाऊक होतं. ते खोटं बोलले खरे, पण मीच सभामंडपात उभं राहून त्यांना शब्द दिला होता की हे गाव कुणालाही कधी कळणार नाही. त्यांनी तो शब्द फक्त माझ्याकडून पाळून घेतला. त्यांचा मला रागही धड येत नाही.

राग येतो तो माझा. गुप्तता मागितली कुणी? ज्यांच्या घरात नळाचं पाणी येत होतं त्यांनी. जिला ते विहिरीचं पाणी प्यावं लागत होतं ती तर म्हणत होती, माझं नाव लिहा. आयुष्यभर ‘न्याय’ या शब्दावर पोट भरलेल्या मला दोघांतलं कुणाचं ऐकायचं एवढंही कळलं नाही. मी मंडपाचं ऐकलं आणि त्याला नियम म्हटलं. विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या हेच शिकवून मी बाहेर काढल्या, त्याचा विचार केला की जेवण जात नाही.

पुराव्याअभावी अर्ज फेटाळला गेला. पुढच्या चैत्रात दत्तू गेला. त्याच्या मुली शाळेतून आल्या की त्याच विहिरीवर जातात. हातात चार पैसे असतील तेव्हा वस्ती पिण्यापुरता पाण्याचा जार घेते, बाकीचे दिवस विहीर. गोदाम चालू आहे. त्याच्या कुंपणाच्या भिंतीवर कुणीतरी निळ्या अक्षरांत पाणी वाचवण्याचा संदेश रंगवला आहे. नळ अजून पुढच्या टप्प्यात आहे. पेपर अजून वाचला जातो. मधे एका परदेशी विद्यार्थिनीचं पत्र आलं, तुमच्या कामामुळे मला दिशा मिळाली म्हणून. मी उत्तर लिहिलं नाही.

सुनावणीच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

बाहेर आलो तेव्हा भर दुपार होती. वस्तीतली माणसं टेम्पोची वाट बघत झाडाखाली बसली. हौसाबाई आणि मी गाडीवाल्याकडे चहा घ्यायला थांबलो. मी माफी मागायची म्हणून मनात शब्द जुळवत होते. त्यांनी माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

“हितला च्या पिता तुमी,” त्या म्हणाल्या.

“हो. का?”

“दीड वरीस आमच्या घरी येत व्हता. येकदाबी घोटभर पानी प्याला न्हाई. च्या टाकते म्हनलं की म्हनायच्या, आत्ताच झाला. पैल्यांदा मला वाटलं, आमच्या हातचं चालत नसंल. मग येक डाव तुमच्या गाडीत इकतच्या पान्याच्या बाटल्यांचा खोका दिसला. तवा उमागलं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. शिवणीतला एखादा टाका चुकला तर सुनेला दाखवावा तशा त्या मला सांगत होत्या.

“त्या सायबाला तुमी येवडंच सांगायचं व्हतं, मॅडम. का मी दीड वरीस ह्या बाईच्या दारात गेले आन येकदाबी तिचं पानी तोंडाला लावलं न्हाई. कागूद नसंना का. त्यो बी मानूसच हाय. त्याला कळलं असतं.”

मला हे सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर, ते बोलायची माझी छाती झाली नसती.